गप्प बसायचा सीन

आमच्या खळ्यात, म्हणजे रत्नागिरीजवळच्या आमच्या घरापुढच्या अंगणात, एक सिनेमा झाला. ही गोष्ट मी आजवर जेवढ्या लोकांना सांगितली, त्यांच्या शंभराव्या हिश्शानंही तो पाहिलेला नाही. पाहिलेली सगळी माणसं गोळा केली तर दोन टेम्पोंत मावतील आणि वर ढोलकी ठेवायला जागा उरेल. सिनेमा तरी केवढा? मी एक हापूस पिळून मऊ केला, देठ काढला आणि कोय पांढरी होईपर्यंत चोखली, की संपला. त्यात मारामारी नाही, गाडी हवेत उडत नाही, कोणी विहिरीत जीव देत नाही. दोन बायका आहेत, दोघी शाहीर, आणि दोघींचं एकमेकींवर प्रेम बसतं. बस्स.

पण एवढ्याशा सिनेमापायी आमच्या पुतणीचं नाव बुडायची वेळ आली होती. आणि ते प्रेमामुळं नव्हे. प्रेमाचं वाडीत कोणाला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं.

ज्यांनी शक्ती-तुऱ्याची बारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ज्यांनी पाहिली असेल त्यांनी तेवढ्यात तंबाखू मळून घ्यावी. दोन पार्ट्या समोरासमोर असतात. मधे शाहीर, ढोलकी, झांज. भोवती एका पायात घुंगरांचे चाळ बांधलेले नाचणारे. शक्तीवाले म्हणतात, जग शक्तीनं घडवलं. तुरेवाले म्हणतात, शिवानं. हे भांडण आमच्या पणजोबांच्या आधीपासून चाललंय आणि शंकर-पार्वतीनं आपसात कधीच मिटवलेलं असणार, पण आम्हाला कोणी कळवलेलं नाही. आधी गण, मग गौळण, मग सवाल-जवाब. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत, तेच यमक धरून जबाब द्यायचा. जबाब वाईट दिला तर लोक हसतात. जबाब दिलाच नाही तर मात्र शाहीर संपला. मग त्यानं पेटी विकून कोंबड्या पाळाव्यात.

मी शक्तीवाला. नोकरी एस.टी.त ड्रायव्हरची केली, पण ती पोटासाठी. माझा एक टोमणा ऐकून समोरच्या ढोलकीची वादी तुटली होती, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. दोन होती, आता एक आहे, आणि त्यालाही ऐकू येत नाही. माझा गळा बसला तेव्हा गादी पुतणीकडं गेली. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, बोटीवर असायचा; पोरगी आमच्याच घरात वाढली. दिवसा ती आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत आमरसाच्या डब्यांची तपासणी करते, आणि बाकी वेळ बायकांच्या पार्टीची शाहीर. लग्न केलान नाही. विचारणाऱ्यांना ती जबाब गाण्यातच द्यायची, तेव्हा विचारणारे कमी झाले.

तिच्यासमोर नेहमी उभी राहायची ती संगमेश्वराकडची तुरेवाली. अंगणवाडीत शिकवते. आवाज असा की शास्त्री नदीच्या या काठावरून हाक मारलीन तर त्या काठावरची गुरं रांगेत उभी राहतात. या दोघींची बारी म्हणजे पर्वणी. ती गायची,

"फॅक्टरीतली शाहीर आली, डबा बघते ठोकून,
आत शहाणपण नाही काही, झाकण बसवलं दाबून!"

की आमची लगेच,

"अंगणवाडीची बाई पोरांकडून अ-आ-ई घेते घोकून,
माझ्यापुढं उभी राहता स्वतःचं नावच जाते विसरून!"

लोक शिट्ट्या मारायचे. त्या दोघी मात्र घाम पुसत एकमेकींकडं बघत बसायच्या. ते बघणं मी वर्षानुवर्षं बघत होतो आणि माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. ते आलं पुण्याच्या एका पोरीच्या डोक्यात.

ती पोरगी सिनेमे करते. तिनं मोबाईलवर या दोघींच्या बारीचा व्हिडिओ पाहिलान आणि तीन पोरं, एक कॅमेरा आणि खोकल्याचं औषध एवढं सामान घेऊन थेट आमच्या दारात उतरली. ओटीवर बसून म्हणाली, "काका, ह्या दोघी भांडताना एकमेकींकडे जशा बघतात, तसं मी प्रेमात पडलेल्या माणसांनासुद्धा बघताना पाहिलं नाहीये. मला तेवढीच गोष्ट करायची आहे. दोन शाहीर, समोरासमोरच्या. आणि त्यांचं प्रेम."

मी विचारलं, "कोणाशी?"

"एकमेकींशी."

मी पानाचा डबा उघडला आणि बंद केला. तेवढ्यात आतून आमची ही चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलेलं होतं, कारण आमच्या घरात भिंतींना कान नाहीत, हिला आहेत.

"म्हणजे ह्या दोघींनी प्रेमाचं काम करायचं?" तिनं विचारलान.

"हो काकू."

"बरं. पण ती संगमेश्वरवाली राहणार कुठं? हितंच राहूदे. तिला कुळथाची पिठी आवडते."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. शत्रूला काय आवडतं हे आमच्या स्वयंपाकघराला किती वर्षांपासून माहीत होतं, कोण जाणे.

वाडीत कुजबुज झालीच. भावकीतला एक चुलतभाऊ, जो टीव्हीवरच्या मालिकेत सासू सुनेला विष घालते ते पोराबाळांना घेऊन बघतो, तो येऊन म्हणाला, "बायकाबायकांचं असलं काय दाखवतात काय?" हिनं सूप आपटलान. "तू तुझ्या बायकोकडं आयुष्यात एकदा तरी तसं बघितलंस काय? नाय ना? मग निदान सिनेमात तरी बघ." चुलतभाऊ गेला तो थेट संध्याकाळी आला, शूटिंगला खुर्च्या पाहिजेत काय विचारायला.

दोघींची तालीम म्हणजे शिमगा. दिग्दर्शिकेनं कागद हातात दिला होता. आमचीनं म्हणायचं, 'तू आलीस की मला बरं वाटतं.' ती म्हणायची, "तू आलीस की मला बरं वाटतं... पण साखरप्याच्या बारीला आलीस तेव्हा तुझी झांज बेतालात होती." तुरेवाली कागद खाली ठेवायची. "बेतालात? गो बाय, तुझी ढोलकी रडत होती, मी तिला थोपटत होते!" पुण्याची पोरगी डोक्याला हात लावून "कट" म्हणायची, आणि कॅमेऱ्यावरचा पोरगा कट न करता हसत चालू ठेवायचा. त्यातलं बरंचसं शेवटी सिनेमात राहिलं असं ऐकतो. प्रेमाचे म्हणून लिहिलेले संवाद गेले, भांडणं राहिली.

आरे-वारेच्या घाटीवर एक सीन होता. दोघींनी वरून समुद्राकडं बघत शांत उभं राहायचं. तुरेवाली नदीकाठची, समुद्राचा तिला भरवसा नाही. तिनं आमचीच्या दंडाला जे धरलान ते सीन संपला तरी सोडलान नाही. दिग्दर्शिका खूश. "किती नैसर्गिक!" म्हणे. वारा इतका होता की माझी टोपी उडाली ती मालगुंडच्या दिशेनं गेली. आठवडाभरानं तिथल्या एका माणसाच्या डोक्यावर मी ती बघितली, पण त्याला शोभत होती म्हणून राहू दिली.

आणि एक सीन चाळ बांधण्याचा. बारीच्या आधी एक बसली आहे, दुसरी खाली गुडघ्यावर बसून तिच्या पायाला चाळ बांधते. संवाद काही नाही. आमच्या रिवाजात समोरच्या पार्टीच्या पायाला कोणी हात लावत नाही, चाळांना तर नाहीच. आमचीनं बांधायला घेतलान, आणि गाठ मारताना एक क्षण तिचा हात घोट्यावर तसाच राहिला. दगडी गडग्यापलीकडं बघत उभ्या बायका पुढं वाकल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "घट्ट बांध गो, नाचताना सुटेल." म्हातारीला प्रेमाची अडचण नव्हती, गाठीची होती.

अडचण आली ती शेवटाला.

सिनेमाच्या शेवटी अशी बारी होती की तुरेवाली सवाल टाकते, आणि तो सवाल वरवर शक्ती-तुऱ्याचा, पण आतून प्रेमाचा असतो. तो लिहायचं काम माझ्याकडं. मी दोन दिवस जेवलो नाही. हिच्या म्हणण्याप्रमाणं चारदा जेवलो. शेवटी लिहिलं,

"डोंगर उतरून, नदी ओलांडून, आले मी एकली,
शिव माझा तो देव्हाऱ्यातच, दारं मी लावली;
शिवावाचून तुरेवाली ही अर्धीच मागं उरली,
सांग शक्ती, ही अर्धी बाई कोणाच्या घरची झाली?"

दिग्दर्शिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं माझ्यामुळं. ती म्हणाली चुलीच्या धुरामुळं. मग तिनं सांगितलान, "आता ताई काही बोलत नाही. नुसती बघते. सिनेमा संपतो."

"काही बोलत नाही म्हणजे?" पुतणीनं विचारलान.

"गप्प राहते. ते गप्प राहणंच उत्तर आहे, ताई. तोच होकार."

पुतणीनं ढोलकी मांडीवरून खाली ठेवलीन. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"पुण्यात असेल होकार. हितं सवालाला गप्प राहिली ती हरली. हा सिनेमा मोबाईलवर येणार. कोणीतरी तेवढाच तुकडा कापणार आणि सगळीकडं फिरवणार. शक्तीवाली गप्प बसली. माझ्या मागं बारा बायका नाचतात. त्या घरी सासऱ्यांशी भांडून येतात, नवऱ्याची पोळी करून येतात. त्यांच्या पार्टीची शाहीर गप्प बसली म्हटल्यावर कोण बारीची सुपारी देणार आम्हाला?"

"पण ताई, तो सिनेमा आहे. तुम्ही नाही, ते पात्र गप्प बसतं."

"पात्राचं तोंड माझंच ना?"

मी मधे पडलो आणि चटकन तीन जबाब लिहून दिले. तिन्ही चोख. तिन्हींत तुरेवालीची धूळधाण होती. सवय. दिग्दर्शिकेनं वाचले आणि हात जोडले. "काका, ह्यात प्रेम कुठे आहे?" मी म्हटलं, "यमकात."

आता खरी गंमत पुढं. आम्हाला वाटलं, तुरेवाली खूश असेल. आयुष्यात पहिल्यांदा शक्तीवाली तिच्यासमोर निरुत्तर होणार, तीही कायमची, पडद्यावर. ती ओटीच्या कडेला बसून फणसाचे गरे काढत होती, हाताला तेल लावून. मान वर न करता म्हणाली,

"ती गप्प बसणार असेल तर मी सवाल गाणार नाय."

"तुम्ही सुद्धा?" दिग्दर्शिका रडकुंडीला आली.

"मला तिला हरवायचंय. पहिल्यापासून. पण कोणी कागदावर लिहून दिलान म्हणून नाय. आणि जिच्यावर माझं प्रेम हाय असं तुम्ही सांगताव, ती सवालाला जबाब देऊ शकत नाय? मग मी तिच्यावर प्रेम कशाला करीन?"

आमचीनं तिच्याकडं बघितलान. नुसतं बघितलान. पुण्याच्या पोरीनं ते बघितलं आणि कॅमेऱ्यावरच्या पोराच्या पाठीत गुद्दा घातला, पण तो चहा पीत होता. ते बघणं वाया गेलं.

शेवटी तडजोड झाली. सवाल गायचा; पुढं आमचीनं तिला वाटेल ते करायचं; पण सिनेमात काय ठेवायचं ते दिग्दर्शिका ठरवणार. पुतणी म्हणाली, "ठरव. मी माझं करीन, तू तुझं कर."

दुपार कलल्यावर खळ्यात सीन लागला. गडग्यापलीकडं अख्खी वाडी. तुरेवालीनं सवाल उचललान. त्या दिवशी तिचा आवाज मोठा नव्हता, पण आंब्याच्या पानांना समजेल एवढा सावकाश होता. सवाल संपला. आमची गप्प. आणि नेमकं त्याच वेळी विमानतळाकडून एक हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून असं गेलं, की तुळशीचं वृंदावन आणि चुलतभावाच्या खुर्च्या दोन्ही थरथरल्या. "कट! कट!" दिग्दर्शिका ओरडली, आणि तिच्या पोरांनी वाडीला हाकलून घरी पाठवलं, कारण लोक हेलिकॉप्टरला हात करत होते.

म्हणजे वाडीनं काय पाहिलं? सवाल झाला, शक्तीवाली गप्प बसली, आणि खेळ खलास.

दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा बघायला आम्ही घरचेच होतो. सवाल झाला. पुतणी गप्प. पण या वेळी तिचे ओठ किंचित हलत होते. मी ओळखलं. ती माझे तिन्ही जबाब मनात उलटून बघत होती आणि एकेक करून टाकून देत होती. शाहिराला अपमान म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. मग तिनं ढोलकीवर बोटं ठेवलीन आणि त्याच चालीत, तेच यमक धरून, हळूच घेतलान,

"अर्धी म्हणून का सांगतेस मजला? पुरती तू घडली,
माझ्या टोमण्यांच्या दगडावरती धार तुला लागली;
कोणाच्या घरची विचारू नको, उंबऱ्याशी का थांबली?
पाय धू नि आत ये बाई, चूल कधीची पेटली."

तुरेवालीच्या हातातली झांज वाजायची राहूनच गेली. तिचा पुढचा ठेका होता, तो तिनं सोडलान. मी तिला इतक्या वर्षांत ठेका सोडताना बघितलेलं नाही. हिनं पदरानं डोळे पुसलेन. दिग्दर्शिकेनं कट म्हटलंच नाही, म्हणून आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. शेवटी कोंबडीला दम निघाला नाही, ती फ्रेममधून चालत गेली.

मी दिग्दर्शिकेला विचारलं, "ठेवणार ना?" ती म्हणाली, "काका, खरं सांगू? मला अजून माहीत नाही." आणि सगळं सामान घेऊन पुण्याला गेली.

वाडीतल्या बातमीला बोट लागत नाही, बस लागत नाही. आठवड्याभरात ती संगमेश्वरापर्यंत गेली, तिथून घाट चढून परत खाली उतरली आणि उतरताना मोठी झाली. कोणी म्हणालं, शक्तीवाली चक्कर येऊन पडली. कोणी म्हणालं, रडत घरात गेली. आम्ही छातीठोक सांगत होतो की नाही हो, जबाब दिलान! तर लोक म्हणत, "गावा बघू." पुतणी गायला तयार नव्हती. "मी हितं अंगणात गाईन तर लोक म्हणतील, नंतर बसून रचलान. सिनेमात असेल तर असेल." आणि मी गायलो, तर माझ्यावर तसाही कोणी विश्वास ठेवत नाही. का ते मला कळत नाही.

मग राजापूरकडच्या एका मंडळाचा फोन आला. दरवर्षी ते पुतणीच्याच पार्टीला सुपारी द्यायचे. त्यांचा अध्यक्ष बोलायला मऊ माणूस. "ताई, यंदा पोरांनी जरा दुसरी पार्टी बघितल्यानी. वाईट वाटून घेऊ नका." पुतणीनं विचारलान, "का?" तो म्हणाला, "नाय, तसं काय नाय. लोक बोलतात एवढंच." फोन ठेवून ती फॅक्टरीत गेली. संध्याकाळी पार्टीतल्या बायका ओटीवर येऊन बसल्या. एक जण म्हणाली, "माझा सासरा खूश हाय." तेवढंच. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

तुरेवालीनं त्याच सुमारास स्वतःच्या एका बारीत, माईकवर, सवाल-जवाबाच्या आधी जाहीर सांगितलान की रत्नागिरीवालीनं जबाब दिला, मी समोर होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि समजले की ही मैत्रिणीला सांभाळून घेते. त्यानं उलट जास्तच पक्कं झालं.

सिनेमा मात्र फिरत होता. कुठल्या कुठल्या शहरांत, लहान लहान महोत्सवांत. दिग्दर्शिका फोटो पाठवायची: ती, एक पडदा, वीस खुर्च्या आणि त्यातले सहा लोक. पुतणी विचारायची, "शेवट काय ठेवलास?" ती म्हणायची, "ताई, मोठ्या पडद्यावरच बघा. फोनवर नको. प्लीज." मला त्या पोरीचा राग यायचा. नंतर वाटलं, तिला भीती वाटत असावी. आम्हाला काय आवडेल याची.

शेवटी रत्नागिरीत दाखवायचं ठरलं. एका संस्थेचं छोटं सभागृह होतं, दोन पंखे चालू, एक नुसता आवाज करणारा. वाडी टेम्पोनं आली. तुरेवाली संगमेश्वराहून आली आणि मुद्दाम आमचीच्या शेजारी न बसता पुढच्या रांगेत बसली. आणि मागच्या दाराशी राजापूरचा अध्यक्ष. मी चमकलो. "ह्याला कोणी बोलावलं?"

"मी," पुतणी म्हणाली.

"आणि शेवट नसला तर?"

"तर नसला. तोंडावर तर कळेल."

अंधार झाला. सिनेमा सुरू झाला. आमचं खळं पडद्यावर एवढं मोठं दिसलं की मला घरपट्टी वाढेल अशी भीती वाटली. झांज बेतालात असल्याचं भांडण आलं, लोक हसले. घाटी आली, चाळ आले. चाळांना कोणीच हसलं नाही. मग सवाल.

तुरेवालीचा चेहरा. ओळ संपली. मग आमचीचा चेहरा, पडदाभर. आणि गप्प.

मी बाऱ्यांत रात्री घालवलेला माणूस आहे, पण एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. ती इतकी लांबली की माझ्या हिशेबानं बाहेर पावसाळा येऊन गेला. पंख्याचा आवाज तेवढा. पुतणीनं खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं होतं. ती पडद्याकडं बघतच नव्हती, खाली बघत होती. मागून कोणीतरी खुर्ची सरकवली. मला वाटलं अध्यक्ष निघाला. तेवढ्यात वाडीतली तीच म्हातारी, जिला गाठीची काळजी होती, ती अंधारात ओरडली, "घे गो, घे! उचल!"

आणि पडद्यावरच्या पुतणीनं ढोलकीवर बोटं ठेवली.

पहिल्या ओळीला वाडी उठून उभी राहिली. दुसऱ्या ओळीला शिट्ट्या. तिसरी कोणाला ऐकू आली नाही. "चूल कधीची पेटली"ला तर चुलतभावानं स्वतःची टोपी वर फेकलीन, ती आवाजाच्या पंख्यात अडकून पंखा कायमचा बंद झाला. एक बाई दुसऱ्या बाईला जन्माची घरात ये म्हणते आणि अख्खी वाडी तिच्या नावानं गर्जते, असं ते चाललं होतं. हे असं झालं म्हणून कोणाच्या लक्षात तरी आलं का, मला सांगता येणार नाही. आमची ही तेवढी माझ्या कानाशी म्हणाली, "समजलं हो सगळ्यांना. उगाच सगळ्यांना खुळं समजू नका."

दिग्दर्शिका भिंतीला टेकून उभी होती. मला म्हणाली, "गप्प मला पाहिजे होतं, जबाब ताईला. दोन्ही ठेवलं. चुकलं का?" मी म्हटलं, "पोरी, आमच्या घराण्यात एवढा लांब श्वास कोणी घेतला नव्हता."

तेवढ्यात राजापूरचा अध्यक्ष मधल्या वाटेनं पुढं चालत आला. बारीत चोख जबाब झाला की बघणारा उठतो, शाहिराच्या हातात नोट देतो, आणि शाहीर माईकवरून त्याचं नाव घेतो, हा रिवाज. हा माणूस सवयीनं उठला होता. खिशातून नोट काढून तो सरळ पडद्यापाशी गेला आणि तिथं त्याच्या लक्षात आलं, की द्यायची कोणाला. पडद्यावर दोघींचे चेहरे, मधे ह्याची सावली, हात पुढं केलेला. "बाजूला व्हा!" मागून ओरडले. तो हलेना. नोट परत खिशात घालणं म्हणजे शाहिराचा अपमान, हे त्याला माहीत होतं.

पुतणी उठली. सावकाश पुढं गेली, पदर खोचलान, दोन्ही हातांनी नोट घेतलीन, कपाळाला लावलीन आणि माईक नसताना माईकच्या आवाजात म्हणाली, "राजापूरच्या मंडळींकडून बक्षीस आलेलं आहे, आमची पार्टी त्यांची आभारी आहे."

"यंदा येताव ना मग?" अध्यक्षानं विचारलान, खाली बघत.

"दुसरी पार्टी बघितलाव ना?"

"त्यांना सांगतो कायतरी."

"नको. त्यांना सुपारी दिलाव ती दिलाव. आम्ही पुढच्या सालाला येऊ. समोर हीच पाहिजे," तिनं पुढच्या रांगेकडं हात केलान.

"माझी नोट कुठाय?" तुरेवाली बसल्या जागेवरून म्हणाली. "सवाल तसा होता म्हणून जबाब तसा झाला!"

अध्यक्षानं मुकाट्यानं दुसरा खिसा तपासायला घेतला. तुरेवाली उठून पडद्यापाशी जाऊन उभी राहिली, आमचीच्या इतक्या जवळ की दोघींची सावली एकच पडली. सिनेमा संपून नावं वर सरकायला लागली होती, आणि ती सगळी त्या तिघांच्या अंगावरून सरकत होती. कोणाला वाचता आली नाहीत. माझं नाव अध्यक्षाच्या टकलावरून गेलं. तिथं ते जरा ठळक दिसलं, एवढं मी शपथेवर सांगतो.